वाळूची उंची

बकरीला होडीत बसवता येत नाही. तिला उभंही राहायचं नसतं. ती एक पाय काठावर ठेवते आणि पाण्याकडे असं बघते, जणू तिथून जिना खाली उतरतो.

*

भोपळ्याचं पान, कडेला करपलेलं. तुकडा तोडून जिभेवर ठेवला तर आधी काहीच कळत नाही. मग मीठ.

*

उजव्या बाहीला दोन दुमडी, डाव्या बाहीला दोन दुमडी. निळं कापड दुमडीच्या रेघेवर पांढरं पडलंय.

*

होडीच्या तळफळीवर कोळशाने काढलेला चौकोन. चौकोनात गोल, गोलातून निघालेले बाण. एका बाणाच्या टोकाला बदक. ते बदक आहे हे सांगावं लागतं.

*

वारा सुटला की बोरूचं कुंपण वाजतं. नझीहा ते लहानपणापासून ऐकत आली आहे, तरी दर वेळी उठून बघते.

*

तबूनाच्या मातीच्या भट्टीतली रोटी, ऑलिव्हचं तेल, हरीसाची तिखट चटणी. तीन माणसं एका ताटाभोवती. कुणीच कुणाकडे बघत नाही.

* * *

नझीहाला बसून राहणं कधी जमलंच नाही. लग्न झालं, मोडलं, ती माहेरी परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बापाच्या होडीत वल्हं धरून बसलेली गावाने पाहिली. तेव्हापासून शेत एके शेत. मागे डोंगर, पायथ्याशी घार-अल-मिल्हची पांढरी घरं, पुढे खाडी आणि खाडीच्या मधोमध वाळूचं लांबट बेट. ते शेत. तिथे विहीर नाही, पाट नाही, पंप नाही. तळाशी समुद्राचं खारं पाणी, त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगतं, आणि त्याच्यावर वाळू. भरती आली की खारं पाणी गोड्याला वर उचलतं, बटाट्याची मुळं पिऊन घेतात, ओहोटीला सगळं पुन्हा खाली. पाणी द्यायला कुणी लागत नाही. वाळूची उंची तेवढी नेमकी लागते. जास्त झाली तर मुळं पाण्यापर्यंत पोचत नाहीत, कमी झाली तर मिठात उतरतात. आणि वाळू काही जागेवर राहत नाही. पावसाने बसते, वाऱ्याने उडते. म्हणून दर वर्षी उन्हाळी पीक निघालं की होड्या भरभरून वाळू आणायची, खत मिसळायचं आणि शेत पुन्हा त्याच्या उंचीवर आणायचं.

ती उंची बाबा मोजायचे. पूर्ण भरतीला शेताच्या चारही कोपऱ्यांत खड्डा घ्यायचे, पोटावर आडवे व्हायचे आणि हात सरळ खाली सोडायचे. कोपर वाळूच्या सपाटीला आणि बोटांची टोकं पाण्याला नुसती लागतील एवढं अंतर हवं. मग ओली बोटं शेजारी आडव्या पडलेल्या मुलीपुढे धरायचे. मोजायचे बाबा, चाखायची नझीहा. गोडं लागलं की ती मान हलवायची. बस.

बाबा गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. त्यांचा निळा कामाचा डगला तिने घेतला. मोजायचं कामही तिनेच घेतलं. दुसरं होतंच कोण?

* * *

दुसरा होता, पण तो समुद्रावर होता. लमजद, तिच्याहून धाकटा, मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी. यंदाच्या वसंतात तो आला तो एक पेटी, एक पाठदुखी आणि एक योजना घेऊन. पेटी घरात राहिली, पाठदुखी कमी झाली. योजना मात्र रोज वाढत गेली.

पहिल्यांदा त्याने ती दाखवली ती होडीत. नझीहा वल्हं मारत होती, तो तळफळीवर वाकून कोळशाने रेघा ओढत होता.

"हे काय?"

"शेत."

"असं होय. मला वाटलं तुझ्या हातून कालवण सांडलं."

"हसून घे, लल्ला नझीहा, बाईसाहेब, हसून घे. हे बघ. इथे बकऱ्या. बकऱ्यांच्या लेंड्या भाजीला, भाजीचा पाला बकऱ्यांना. कुंपणाच्या आतून डाळिंबं. डाळिंबाला फूल, फुलाला मधमाशी..."

"मधमाशीला नवरा."

"मधे तळं. तळ्यात बदकं. बदकं गोगलगायी टिपतात, म्हणजे तुला रोज सकाळी वाकून वेचायला नको. इकडे कांदे, कांद्यानंतर पावटा, पावट्यानंतर गहू. एकावर संकट आलं तर दुसरं उभं राहतं. नुसते बटाटे नि भोपळे किती वर्षं लावायचे?"

"तीनशे वर्षं लावतोय."

"तेच म्हणतोय मी. कंटाळा येत नाही?"

"तुला येतो. तुला सगळ्याचाच येतो. म्हणून तर जहाजावर गेलास."

तेवढ्यात एक लाट काठावरून आत आली आणि तळफळीवर पसरली. अर्धा चौकोन पुसला गेला.

"तुझी बदकं बुडाली," नझीहा म्हणाली आणि वल्हं मारत राहिली.

पण खरं सांगायचं तर योजना तिला आवडली होती. एक वाफा गेला तरी घर चालेल असं शेत कुणाला नको असतं? तिला खटकत होता तो चौकोन. होडीत बसून, पायाला वाळू न लागता काढलेला. आणि त्या चौकोनात ती स्वतः कुठेच नव्हती. बदकालाही बाण होता.

* * *

तळं त्याने वसंतातच खणलं. पहिल्या दिवशी पाणी गोडं होतं. बदकं इतकी खूश की आई मुद्दाम होडीतून बघायला आली. घरात आईला सगळे उम्मी म्हणत. तिचं नाव बेया, गावात उम्मी बेया. शेत तिच्या शब्दावर चालायचं, शेतात मात्र ती वर्षातून एकदाच पाय ठेवायची. तिने बदकं पाहिली, "माझ्या काळजा" म्हणत लेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि नझीहाकडे पाहून म्हणाली, "बघ, त्याने तरी काही नवं आणलं."

उन्हं चढली तसं तळं खारट झालं. उघड्यावर पडलेलं गोडं पाणी उडून गेलं, खालून मीठ वर आलं, काठावर पांढरी कड धरली. बदकांनी एका सकाळी पंख झाडले आणि ती सरळ खाडीत उतरली. त्यातलं एक शेजारच्या बशीरच्या बेटाजवळ अजून दिसतं. बशीरकडे वाळू वाहायची मोठी होडी आहे. लमजद दिसला की तो लांबूनच ओरडतो, "तुझं बदक विचारत होतं, मालक कधी जहाजावर परत जाणार म्हणून."

मग उन्हाळ्यात भोपळ्याची पानं कडेने करपायला लागली.

"तळं," नझीहा म्हणाली. "तुझ्या तळ्याने मीठ वर आणलं."

तळं बुजवलं. पानं करपतच राहिली.

"बकऱ्या. त्यांचं मूत खारट असतं."

बकऱ्या होडीत घालून डोंगराच्या पायथ्याला नेल्या. त्या प्रवासात एकीने नझीहाच्या मांडीवर पाय दिला आणि दुसरीने लमजदच्या नव्या योजनेचा कागद खाल्ला. पानं करपतच राहिली.

"डाळिंबं. त्यांची मुळं खोल जातात, खालचं मीठ वर ओढतात."

"डाळिंबाची रोपं केवढी आहेत? माझ्या गुडघ्याएवढी. ती ओढणार मीठ?" लमजद म्हणाला. "उद्या म्हणशील, लमजद जास्त घाम गाळतो म्हणून जमीन खारटली."

"घाम? तू? कधी?"

बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही. पण एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी, म्हणजे तळं नव्हतं, बकऱ्या नव्हत्या, लमजदही नव्हता तेव्हा, पानांच्या कडा थोड्या करपल्या होत्या. थोड्याच, नखाएवढ्या. तिला ते आठवायचं, आणि आठवलं की ती चालायला लागायची. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुंपणाला हात लावून, परत. लमजद म्हणायचा, "बकऱ्यांपेक्षा तूच जास्त वाळू तुडवतेस."

* * *

शुक्रवारचं जेवण. वाफवलेल्या रव्याचा कुसकुस, त्यावर भोपळा. उम्मी बेयाने भोपळ्याची फोड तोंडात घातली आणि चावणं थांबवलं.

"भोपळ्यात मीठ कुणी घातलं?"

"कुणी नाही," लमजद म्हणाला. रांधलेलं त्यानेच होतं.

"मग?"

उम्मीने फोड गिळली, वर पाणी घेतलं, बोटं पुसली. तिची बोलायची पद्धत अशीच होती. आधी बोटं पुसायची.

"बशीर विचारत होता," ती म्हणाली. "शेत वाट्याने कसायला मागतो. त्याचं बेट शेजारी, त्याची स्वतःची होडी, घरात तीन हात कामाला."

नझीहाचा घास हातातच राहिला.

"मी अजून हो म्हटलेलं नाही. पण तुम्हा दोघांचं रोज चाललंय ते मी ऐकते. हा तळं खणतो, ती बुजवते. हा झाड लावतो, ती त्याच्याकडे साप असल्यासारखं बघते. असं शेत चालत नाही. या आठवड्यात वाळू पडेल. त्याच्या आधी दोघांचं एक काय ते ठरवा. नाही ठरलं तर वाळू बशीर स्वतःच्या हिशोबाने टाकेल, आणि पुढेही तोच बघेल."

"उम्मी, त्या शेतात माझी..." नझीहाने घास ताटात परत ठेवला.

"मला ठाऊक आहे तुझं काय आहे त्या शेतात. पण भोपळा खारट आहे, मुली."

लमजद ताटातल्या कुसकुसमध्ये बोटाने रेघा ओढत होता. तिथेही चौकोनच.

* * *

वाळू पडायच्या दिवशी नझीहा उजाडताच एकटी बेटावर गेली. कुंपणाकडे गेली आणि डाळिंबाचं पहिलं रोप उपटलं. मग दुसरं. तिसरं उपटताना तिने मुळं निरखून पाहिली. बारीक, पांढरी, निरोगी मुळं होती. कुठे जळल्याची खूण नाही. ती रोप हातात धरून तशीच उभी राहिली.

मागून वल्ह्याचा आवाज आला. बशीरची मोठी होडी वाळूने काठोकाठ भरलेली, आणि वाळूच्या ढिगावर राजासारखा बसलेला लमजद. त्याने रोपं पाहिली.

होडी टेकायच्या आधीच तो पाण्यात उतरला. गुडघाभर पाण्यातून चालत आला, तिन्ही रोपं उचलली, त्यांची मुळं ओल्या वाळूत खुपसली. ओरडला नाही. त्यानेच नझीहा जास्त घाबरली.

"जहाजावरून निरोप आलाय," तो म्हणाला. "बिझर्ते बंदरातून सुटतंय. कुणीतरी लागतंय त्यांना."

"कधी जातोयस?"

"तू मला हाकललंस की लगेच."

"मी कुठे हाकलतेय?"

"रोपं उपटून काय करतेयस मग? पाहुणचार?"

बशीरने घसा खाकरला. "वाळू कुठे टाकू ते सांगा, मग भांडा. ओहोटी लागली की माझी होडी इथेच बसेल, आणि मग मला तुमच्याकडेच जेवायला लागेल. आणि ऐकलं ते खरं असेल तर तुमचा भोपळा खारट आहे."

"तुझ्या घरी भोपळा होता तरी का यंदा?" नझीहा म्हणाली.

"नव्हता. म्हणून तर तुमचं शेत मागतोय."

तो हे अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. त्याच्यावर रागावताही येईना.

* * *

भरती पूर्ण चढली होती. नझीहाने पहिल्या कोपऱ्यात खड्डा घेतला, पोटावर आडवी झाली आणि हात खाली सोडला. कोपर सपाटीला. बोटांची टोकं पाण्याला लागली. तोंडात घातली. गोडं. अगदी गोडंही नाही, पण गोडंच म्हणायचं.

"इथे बरोबर आहे," ती उठत म्हणाली. "इथे वरवर एक थर पुरे. बशीर, थोडीच टाक."

"तू पडतेस त्या खड्ड्यात, चाखतेस, आणि शेत बरोबर ठरतं," लमजद म्हणाला. "आम्ही कधी चाखायचं नाही का?"

"चाख की. कुणी धरलंय?"

तो खवळलेला होता. चाखण्यात त्याला काही रस नव्हता, तिच्यानंतर काहीतरी आपणही करावं एवढंच. धपकन आडवा झाला, कोपर सपाटीला टेकवलं, हात खाली घातला, वर काढला, बोटं तोंडात घातली. आणि थुंकला.

"खारट."

"जहाजावर मिरच्या खाऊन जीभ जळली तुझी."

"खारट आहे, नझीहा. घे, तूच बघ."

त्याने हात तिच्यापुढे धरला. लहानपणी बाबा धरायचे तसाच, बोटं पुढे करून. तिने त्याच्या बोटाचं टोक जिभेला लावलं.

मीठ.

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. नुसती टोकं ओली नव्हती. बोटं पार मुळापर्यंत ओली होती, तळव्याच्या वरच्या भागापर्यंत. तिच्या स्वतःच्या हाताला फक्त टोकं ओली.

"परत घाल," ती म्हणाली.

"काय?"

"हात. परत घाल. कोपर नीट टेकव, वर उचलू नकोस."

त्याने घातला, आणि या वेळी हळू काढला. पुन्हा तेच. चार बोटं पाण्यात.

नझीहाच्या बाहीची दुमड सुटली होती. आडवं पडताना ती नेहमीच सुटायची आणि ती नेहमीच पुन्हा दुमडायची, न बघता, जसं कुणी डोळ्यावरचे केस मागे सारतं. तिने हात दुमडीकडे नेला आणि तो तिथेच थांबला. बाही तिच्या बोटांवर लोंबत होती. बोटांची ओली टोकं तेवढी बाहेर होती.

तिने डगला काढला.

"हा घाल."

"नझीहा, उकडतंय मला."

"घाल म्हणते ना."

लमजदने डगला चढवला. बाह्या त्याच्या मनगटावर येऊन थांबल्या, बरोबर जिथे बाही थांबायला हवी तिथे.

"मस्त," बशीर होडीतून म्हणाला. "थोरले मालकच आले परत."

लमजदला काही कळलं नव्हतं. तो बाह्यांकडे बघत होता आणि म्हणत होता की बाबांनी खिशात तंबाखू ठेवल्याचा वास अजून येतो. नझीहा मात्र चालायला लागली होती. बेटाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, कुंपणाला हात लावून. बोरू वाजत होते. दोन वर्षं. दोन वर्षं तिने आपल्या कोपराने बाबांचं शेत मोजलं होतं. पहिल्या वर्षी बाबांनी भरलेली जुनी वाळू अजून वर होती, तिने शेत सांभाळून नेलं. दुसऱ्या वर्षी सगळं तिच्या हाताच्या मापात उतरलं, चार बोटं खाली. आणि आज पुन्हा ती वरवरचा एक थर पुरे म्हणणार होती.

आता काय?

सांगितलं तर तळं सुटलं, बकऱ्या सुटल्या, डाळिंबं सुटली. बिघडवलं ते तिने, एकटीने, असं ठरेल. उम्मी बोटं पुसेल आणि शेत लमजदला देईल, आणि नझीहा त्या चौकोनात कुठेतरी एक बाण होऊन राहील. न सांगितलं तर लमजद जहाजावर जाईल, रोपं वाळतील, ती पुन्हा आपल्या हाताने मोजेल आणि पुढल्या वर्षी भोपळा रांधताना मीठच घालावं लागणार नाही, इतका तो खारट होईल. मग बशीर येईल. त्याच्याकडे निदान तीन हात आहेत. त्यातला एखादा लांब असेलच.

ती शेवटच्या टोकाला पोचली. तिथे कुंपण वाऱ्याने वाकलं होतं. तिने ते उगीच सरळ केलं. पुन्हा वाकलं.

ती परत आली.

"बशीर," ती म्हणाली, "ही होडी पुरणार नाही. अजून आण."

"किती अजून?"

"सगळं बेट चार बोटं वर उचलायचंय."

बशीर होडीच्या काठावर बसला. "सगळं? नझीहा, मी माणूस आहे, वारा नाही."

"वाऱ्याने नेलंय, तूच आणायचंस. उरलेलं नंतर बोलू."

मग ती लमजदकडे वळली. तो अजून डगल्यातच होता.

"तुझा हात बाबांएवढा आहे," ती म्हणाली. "माझा नाही. मी माझ्या हाताने मोजत होते."

लमजदने आधी तिच्याकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे, मग स्वतःच्या ओल्या बोटांकडे. तो स्वयंपाकी होता. माप चुकलं की काय होतं ते त्याला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे माझी डाळिंबं..."

"निर्दोष."

"आणि बकऱ्या?"

"त्यांचंही नाही."

"तळं?"

"तळं चुकलंच होतं. त्याचं नाव काढू नकोस."

"ते मान्य." नझीहा वाट बघत होती, आता टोमणा येणार म्हणून. तो वाळूवर बसला. "दोन वर्षं खड्ड्यात डोकं घालत होतीस, आणि कुणी सांगितलं नाही तुला?"

"कोण सांगणार? तू तिकडे अंडी उकडत होतास."

"जहाज हलतं, अंडी फुटू नयेत म्हणून ओल्या फडक्यात ठेवत होतो. ते जास्त कठीण असतं."

तिला हसू आलं आणि ते तिने दाबलं. पण हातापायांतली चुळबूळ काही थांबेना. ती पुन्हा उठली.

"चल, दुसरा कोपरा. भरती थांबणार नाही."

चारही कोपऱ्यांत तो आडवा झाला, हात घातला आणि बोटं तिच्यापुढे धरली. तिने चाखली. एकाही कोपऱ्यात गोडं लागलं नाही. तरी दर वेळी तिने जिभेवर पाणी तेवढाच वेळ ठेवलं, जेवढा बाबांच्या वेळी ठेवायची.

* * *

होडीत परतताना लमजदने डगल्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या. मग म्हणाला, "उम्मीला काय सांगायचं?"

"जे आहे ते."

"ती शेत मला देईल."

"देऊ दे. तुझा हात तिकडे, मी इकडे. पुढच्या शरदात तू कुठल्या बंदरात असशील, आणि मी बाबांच्या खड्ड्यात काय घालू? डोकं?"

"मी जाणारच असं कुठे म्हटलं?"

"राहणारच असंही नाही म्हटलंस."

तेही खरंच होतं. हा माणूस एका जागी राहत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिला स्वतःला तरी कुठे जमतं? दोघं एकाच आईची. फरक एवढाच की तो समुद्रभर फिरला आणि ती एका बेटावर.

किनारा जवळ आला तसं तिने वल्हं आत घेतलं. होडी वाहत राहिली. तिने तळफळीखालून कोयता काढला. कुंपणातला मोडका बोरू सोबत आणला होता, तो लमजदच्या हाताला लावला. एक टोक कोपराला, दुसरं मधल्या बोटाच्या टोकाला. मग कोयत्याने कापला.

"हे काय?"

"तुझा हात."

"बाबा म्हणायचे काठीने मोजायचं नाही."

"काठीला चव कळत नाही म्हणून म्हणायचे. चव मी बघीन. माप हे ठेवीन." तिने बोरू उलटसुलट करून पाहिला आणि डगल्याच्या खिशात खुपसला. डगला अजून त्याच्याच अंगावर होता. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने बोरू परत काढून आपल्या कमरेला खोचला.

"म्हणजे मी जाऊ?"

"तुझी मर्जी. मला आता तुझा हात लागत नाही. जायच्या आधी एवढं सांग, बकऱ्यांना कोण बघणार?"

"बकऱ्या परत बेटावर?"

"डाळिंबाच्या पलीकडे. कुंपण तू घालायचंस. आणि मधमाश्यांची पेटी डोंगराकडच्या बाजूला, वारा लागणार नाही तिथे. पावटा माझ्या वाफ्यात नको, कांद्यानंतर लावतोस तर लाव, पण अर्ध्यातच." ती एकदम थांबली. तिला जाणवलं, ती त्याचाच चौकोन बोलून दाखवत होती. फक्त पायाला वाळू लागलेला.

लमजदने खिशातून कोळसा काढला. "यात तू कुठे काढू?"

"मला काढू नकोस. मी एका जागी राहत नाही."

धक्क्यावर उम्मी बेया उभी होती. एरवी ती कुणाची वाट बघत धक्क्यावर यायची नाही. बशीरने रिकामी होडी घेऊन येऊन आधीच सगळं सांगितलं असणार, स्वतःचं थोडं घालून. होडी टेकली. उम्मीने लमजदच्या अंगावरचा डगला पाहिला, मग मुलीच्या उघड्या दंडाकडे आणि कमरेला खोचलेल्या बोरूकडे पाहिलं. काहीतरी विचारायच्या आधी तिने ओढणीच्या पदराला बोटं पुसली, पुसायला बोटांवर काही नसताना.

"ठरलं?"

दोघं एकदम म्हणाली, "नाही."

"अर्धं," नझीहा म्हणाली.

"मग वाळू कुणाची पडणार?"

"आमची. पण उद्या, परवा आणि तेरवा. बशीर कुरकुरेल. त्याला त्याचं बदक परत देऊ."

"ते माझं बदक आहे," लमजद म्हणाला.

उम्मी वळली आणि घराकडे चालू लागली. तिच्या मागून लमजद, भिजलेल्या चपला फटफटवत. नझीहा धक्क्यावर थांबली, होडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. पाणी उतरायला लागलं होतं. बेटावर, वाळूच्या ढिगाशेजारी, डाळिंबाची तीन रोपं ओल्या वाळूत तिरकी उभी होती. ती उद्या सरळ लावायची होती. सगळ्यात आधी तीच.

बाबा वारले त्या सकाळी नझीहाने शेतातून टोपलीभर बटाटे काढले होते, आणि ते गोड होते.